सिम्युलेशनमध्ये दावा चाळीस दिवस का अडकतो? पॅरामीटर भरण्याविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विमा-दाव्यांच्या प्रक्रियेची आकृती बीपीएमएनमध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या आकृत्यांसाठीच्या प्रमाणित चिन्हांमध्ये, काढून झाली आहे. रोज साधारण ६० दावे येतात. कागदपत्रं तपासायला दोन माणसं आहेत, त्यानंतर मूल्यांकन, मंजुरी आणि रक्कम अदा करणं. दावा निकाली निघायला प्रत्यक्षात सरासरी ६ कामाचे दिवस लागतात. नुसते वेळ आणि गेटवेंची (आकृतीत वाटा फुटतात त्या जागांची) टक्केवारी भरून सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर या प्रक्रियेची नक्कल, चालवलं तेव्हा उत्तर जवळजवळ ६ दिवस आलं. माणसं आणि त्यांच्या कामाच्या वेळांचं कॅलेंडर जोडल्याबरोबर तेच ४० दिवसांवर गेलं, आणि रन लांबवला की आणखी वाढतं. चूक कुठे आहे, कुठलं वितरण (वेळा कमी-जास्त कशा पसरतात त्याचं सूत्र) निवडावं, आणि सिम्युलेशन किती वेळा चालवावं?

तुम्हाला वाटतंय की आधी बरोबर होतं आणि नंतर बिघडलं. खरं तर पहिलं उत्तरच चुकीचं होतं, ते योगायोगाने जुळलं. योगायोगही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही ६ दिवस भरले आणि तेच परत मिळाले. तपासणीला १ दिवस, मूल्यांकनाला २ दिवस, मंजुरीला १ दिवस, असे प्रत्येक टप्प्याचे आकडे तुम्ही लिहिलेत. विभागप्रमुखांना विचारलं की हेच उत्तर मिळतं. पण तपासणीला एक दिवस लागतो म्हणजे एक माणूस दिवसभर एकच फाइल तपासत बसतो असं नाही. फाइल गठ्ठ्यात पडून राहते, मग तिचा नंबर लागतो आणि बारा मिनिटांत ती तपासून होते. सॉफ्टवेअरला मात्र तुम्ही सांगितलंत की माणूस दिवसभर अडकलेला आहे. जोवर माणसांची मर्यादा नव्हती तोवर हे खपून गेलं. दोन माणसं जोडल्यावर रोजच्या ६० फाइलींना ६० माणूस-दिवस लागायला लागले, मग रांग वाढत जाणारच.

त्यात एककाचा घोळ वेगळाच. बऱ्याच साधनांमध्ये ‘१ दिवस’ म्हणजे २४ तास. माणसाचं कॅलेंडर ८ तासांचं असेल तर तुमचं एक दिवसाचं काम तीन कामाच्या दिवसांचं होतं. म्हणून कामाचे वेळ मी नेहमी मिनिटांत भरतो. आकडे दिसायला बोजड होतात, पण ही एक चूक कायमची टळते. आणखी एक गोष्ट अहवालात पाहा. सरासरी काढताना बहुतेक साधनं फक्त पूर्ण झालेले दावे धरतात, मध्येच अडकलेले मोजले जात नाहीत. त्यामुळे ४० हा आकडासुद्धा सौम्य आहे. किती दावे सुरू झाले आणि किती संपले हे दोन आकडे शेजारी ठेवले की सरासरीकडे बघायच्या आधीच सगळं कळतं.

आता पॅरामीटर भरण्याकडे वळू. एकच भेद नीट धरला तर निम्मं काम होतं: आपल्या माणसांसमोरच्या रांगेतली प्रतीक्षा आत भरायची नाही, ती सिम्युलेशनमधून बाहेर यायला हवी. बाहेरच्या जगामुळे होणारी प्रतीक्षा मात्र भरावीच लागते. अर्जदाराकडून राहिलेलं कागदपत्र येईपर्यंतचे चार दिवस ही आपल्या कुठल्याही माणसाची रांग नाही. ती टायमरसारखी मध्यवर्ती घटना, म्हणजे वाटेत नुसतं थांबवणारं चिन्ह, म्हणून दाखवायची. तिला रिसोर्स, म्हणजे काम करणारा माणूस, जोडायचा नाही आणि कॅलेंडर चोवीस तासांचं ठेवायचं. काम, आतली रांग आणि बाहेरची प्रतीक्षा या तिन्ही गोष्टी एकाच ‘वेळ’ रकान्यात कोंबल्या की मॉडेल कायमचं बिघडतं.

शुद्ध कामाचा वेळ कुठून मिळवायचा? इव्हेंट लॉग (कुठलं काम कधी झालं याच्या प्रणालीतल्या नोंदी) असेल तर तिथून, पण डोळे उघडे ठेवून. बहुतेक प्रणाली फक्त काम संपल्याची वेळ नोंदवतात. दोन नोंदींमधलं अंतर म्हणजे काम अधिक रांग, आणि आपल्याला तर रांगच वगळायची आहे. एका कामात मला मिळालेल्या लॉगमध्ये निम्म्याहून जास्त फाइली संध्याकाळी साडेपाच ते सहा या वेळेत ‘पूर्ण’ झालेल्या दिसत होत्या. लोक दिवसभर काम करत आणि नोंदी शेवटी एकदम टाकत. त्या लॉगवरून काढलेलं वितरण कितीही देखणं असलं तरी ते काम करण्याचं नव्हतं, नोंद टाकण्याचं होतं. त्यानंतर मी सवयच लावून घेतली आहे. काम करणाऱ्या माणसाशेजारी बसायचं आणि तीस-चाळीस फाइली स्वतः घड्याळ लावून बघायच्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

समजा असं बसून तुम्हाला तपासणीसाठी सरासरी १२ मिनिटं मिळाली. आता कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर गणित करा. रोज ६० दावे, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे ७२० मिनिटं. दोन माणसांकडे ८ तासांची मिळून ९६० मिनिटं आहेत. भार ७५ टक्के, छान वाटतं. पण तुमच्या आकृतीत तपासणीनंतरच्या गेटवेवरून २५ टक्के दावे ‘कागदपत्रं अपुरी’ म्हणून परत त्याच तपासणीकडे येतात. लूप तसाच ठेवला तर प्रत्येक दावा सरासरी १ भागिले ०.७५, म्हणजे १.३३ वेळा तपासला जातो. भार बरोबर ९६० मिनिटं होतो, म्हणजे १०० टक्के. वेळांमध्ये जराही चढउतार असेल तर १०० टक्के भाराची रांग कधीच स्थिरावत नाही. रन जितका लांब, रांग तितकी मोठी.

पण प्रत्यक्षात असं घडतं का? परत आलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासत नाहीत, फक्त नवीन कागद बघतात. पाच मिनिटांत होतं. आणि दुसऱ्यांदा परत पाठवायची वेळ क्वचितच येते. साध्या टक्केवारीच्या गेटवेला आठवण नसते. फाइल पहिल्यांदा आली की चौथ्यांदा, तो प्रत्येक वेळी तोच २५ टक्क्यांचा फासा टाकतो. म्हणून पुनर्तपासणी हे वेगळं काम म्हणून काढा आणि त्याला वेगळा वेळ, वेगळी टक्केवारी द्या. मग भार होतो ७२० अधिक १५ फाइलींचे प्रत्येकी ५, म्हणजे ७९५ मिनिटं, सुमारे ८३ टक्के. आकृतीतल्या एका चौकोनाने १०० चे ८३ केले.

अजून एक पायरी आहे. ८ तासांच्या दिवसात माणूस ८ तास फाइली तपासत नाही. फोन, बैठका, चहा, शेजाऱ्याला मदत. समजा प्रत्येकाचे ७ तास हाती लागतात. मग दोघांचे ८४० मिनिटं होतात आणि भार ९५ टक्क्यांवर जातो. ८३ आणि ९५ मध्ये फार अंतर नाही असं वाटेल. पण आवक आणि काम दोन्ही बऱ्यापैकी अनियमित असतील तर दोन माणसांच्या टेबलावर ८३ टक्के भाराला सरासरी प्रतीक्षा कामाच्या वेळेच्या साधारण दुप्पट असते, ९५ टक्क्यांना ती नऊपटीवर जाते. म्हणून ‘उपलब्धता’ हा पॅरामीटर मला वितरणाच्या प्रकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. लोक मात्र तो १०० टक्के ठेवून वितरणांवर वाद घालत बसतात.

रिसोर्सच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे एकाच माणसाचे दोन रोल. तुमच्याकडे मूल्यांकन करणाऱ्यांपैकी कोणी गर्दीच्या दिवशी तपासणीही करत असेल आणि तुम्ही त्याला दोन्ही रोलमध्ये एक-एक म्हणून मोजलं असेल, तर मॉडेलमध्ये तुम्ही एक माणूस फुकट नेमला आहे. दुसरा म्हणजे इतर प्रक्रियांचा वाटा. तो माणूस निम्मा दिवस दुसऱ्या प्रक्रियेत असेल तर संख्येत अर्धा माणूस लिहिता येत नाही, कॅलेंडरमध्ये अर्धा दिवस द्यावा लागतो. आणि सकाळचा अर्धा की दुपारचा, यानेही उत्तर बदलतं.

कॅलेंडर हा नुसता कामाच्या तासांचा तक्ता नसतो, हे मंजुरीच्या टप्प्यावर दिसेल. मंजुरी देणारे अधिकारी आठवड्यातून दोनदाच, समजा मंगळवारी आणि शुक्रवारी ठरावीक वेळी, एकदम सह्या करतात का ते विचारा. तसं असेल तर कामाचा वेळ तीन मिनिटांचा असूनही फाइल तिथे सरासरी १.३ कामाचे दिवस थांबते. ही प्रतीक्षा आकड्यात लिहायची नाही. त्या रोलला फक्त मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या सह्यांच्या वेळेचं कॅलेंडर द्या, प्रतीक्षा आपोआप बाहेर येईल. नंतर ‘रोज सह्या केल्या तर काय होईल’ हा प्रश्न एका बदलात विचारता येईल. तुमचे ६ दिवस बहुधा अशाच जागांमध्ये लपलेले आहेत. तपासणीच्या टेबलावर ९५ टक्के भारालासुद्धा रांग दीड-दोन तासांचीच निघते. दिवस खातात ते गठ्ठ्याने होणारी कामं आणि बाहेरची प्रतीक्षा. दिवस संपताना अर्धवट राहिलेलं काम थांबतं की पूर्ण करूनच माणूस उठतो, हे प्रत्येक साधन वेगळं ठरवतं. एक टोकन, म्हणजे आकृतीतून फिरणारा एक नमुना-दावा, सोडून आधी तपासून घ्या.

आता वितरणं. आवक एकमेकांशी संबंध नसलेल्या अर्जदारांकडून येत असेल तर दोन दाव्यांमधल्या अंतराला एक्स्पोनेन्शियल वितरण (लहान अंतरं जास्त वेळा, लांब क्वचित) चांगलं चालतं. ६० दावे, ४८० मिनिटं, म्हणजे सरासरी अंतर ८ मिनिटं. काही साधनं इथे सरासरी मागतात, काही दर. दराच्या रकान्यात ८ लिहिलं तर दर आठ मिनिटांना एक दावा येण्याऐवजी दर मिनिटाला आठ येतील, ०.१२५ लिहायला हवं. सोमवारी सकाळी गर्दी होत असेल तर वारानुसार आणि वेळेनुसार वेगळे दर द्या. एजंट चाळीस दावे एकदम पाठवत असतील तर तो गट म्हणूनच येऊ द्या. चाळीस एकदम येणं आणि चाळीस दिवसभरात येणं या रांगेच्या दृष्टीने दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत.

स्थिर आकडे कधीच वापरू नका असं मी म्हणणार नाही. आकृतीच्या चाचणीला ते उत्तम असतात. पण निष्कर्षासाठी नकोत. दर ८ मिनिटांनी बरोबर एक दावा, प्रत्येकाला बरोबर १६ मिनिटं आणि दोन माणसं असं भरा. भार १०० टक्के, तरी प्रतीक्षा शून्य येईल! १९६१ मध्ये जॉन किंगमन यांनी एका सर्व्हरच्या रांगेसाठी जे अंदाजसूत्र दिलं त्यात प्रतीक्षा तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: भाराचा घटक, आवक आणि काम यांच्यातला चढउतार, आणि कामाचा सरासरी वेळ. चढउतार शून्य केला की गुणाकारही शून्य. सरासरी अचूक भरूनही मॉडेल खोटं बोलतं ते असं.

कामाच्या वेळेसाठी माहिती नसेल तर लोक त्रिकोणी वितरण घेतात: किमान, नेहमीचा, कमाल. सोयीचं आहे, पण त्याची सरासरी नेहमीचा आकडा नसते, तिन्हींची बेरीज भागिले तीन असते. ‘कमीत कमी ५, बहुतेकदा १०, जास्तीत जास्त ६० मिनिटं’ असं कोणी सांगितलं तर त्रिकोणी वितरणाची सरासरी २५ मिनिटं होते. तेच तीन आकडे पर्ट वितरणात (त्यात नेहमीच्या आकड्याला चौपट वजन असतं) टाका, सरासरी १७.५. माणसाच्या मनात मात्र ११-१२ असते. एकाच उत्तरातून तीन वेगळे भार निघतात, आणि त्यातले दोन तुमच्या दोन माणसांना बुडवतील. त्यामुळे तीन आकडे विचारलेत तर चौथाही विचारा: दिवसाला साधारण किती फाइली होतात? त्यावरून सरासरी ताडून बघा. आणि ते ६० मिनिटांचे दावे बहुधा वेगळ्याच जातीचे असतात, मोठ्या रकमेचे किंवा अपघाताचे. त्यांना वितरणाच्या शेपटीत, म्हणजे क्वचित येणाऱ्या टोकाच्या वेळांत, ढकलण्यापेक्षा दाव्याचा प्रकार हा गुणधर्म (प्रत्येक दाव्यासोबत फिरणारी माहिती) ठरवा आणि वेळ त्यावरून घ्या.

नॉर्मल वितरण मी मानवी कामाला वापरत नाही. सरासरी १२ आणि प्रमाण विचलन ९ असेल तर सुमारे ९ टक्के वेळा उत्तर ऋण येतं. काही साधनं ते शून्य धरतात, काही चूक दाखवून थांबतात. शून्य धरलं की सरासरी गुपचूप वर सरकते. लॉगनॉर्मल किंवा गॅमा बरं, ही वितरणं ऋण वेळ देतच नाहीत. फक्त लॉगनॉर्मलमध्ये साधन नक्की काय मागतंय ते बघा, वेळेची सरासरी आणि विचलन की वेळेच्या लॉगरिदमची. वरच्याच १२ आणि ९ साठी लॉगरिदमची सरासरी २.२६ आणि विचलन ०.६७ येतं. चुकीच्या रकान्यात १२ आणि ९ टाकले तर जे बाहेर येईल ते पाहून हसू येईल.

गेटवेंबद्दल थोडक्यात. एक्स्क्लुझिव्ह गेटवेच्या (एकच वाट निवडणाऱ्या) शाखांची बेरीज १०० टक्के हवी. इन्क्लुझिव्हच्या (एका वेळी अनेक वाटा घेऊ शकणाऱ्या) प्रत्येक शाखेची टक्केवारी स्वतंत्र असते, तिथे १०० चा आग्रह धरू नका. आणि दोन गेटवे एकमेकांशी जोडलेले असतील, म्हणजे मोठा दावा तपासणीतही अडकतो आणि वरिष्ठांकडेही जातो, तर दोन स्वतंत्र टक्केवाऱ्या हा संबंध पुसून टाकतात. इथेही गुणधर्मच कामाला येतो. खर्चाचे आकडे शेवटी भरा. वेळ चुकीचा असेल तर खर्च बरोबर येऊच शकत नाही.

हे सगळे पॅरामीटर बीपीएमएनमध्ये का नाहीत असा प्रश्न पडत असेल. २०११ च्या बीपीएमएन २.० मध्ये सिम्युलेशनचे आकडे ठेवायला जागाच नव्हती. म्हणून वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअॅलिशनने २०१३ मध्ये बीपीसिम हे वेगळं मानक आणलं. त्यात वेळ, नियंत्रण, रिसोर्स, खर्च, प्राधान्य आणि गुणधर्म असे गट आहेत. तुमचं साधन ते पाळत नसेल तरी भरायच्या आकड्यांची यादी म्हणून हे गट डोळ्यांसमोर ठेवा. बिझागी मॉडेलर या साधनात हेच काम चार पायऱ्यांत करवून घेतात: आधी प्रक्रियेची वैधता, मग वेळ, मग रिसोर्स, मग कॅलेंडर. कुठल्याही साधनात मी हाच क्रम पाळतो. पहिल्या पायरीवर फक्त टोकन मोजा: १००० सोडले तर २५० च्या आसपास पुनर्तपासणीत गेले का, सगळे शेवटपर्यंत पोहोचले का. तुम्ही चारही पायऱ्या एकदम चढलात, म्हणून चूक कुठल्या पायरीवर झाली ते कळेनासं झालं.

किती वेळा चालवायचं? त्याआधी सुरुवातीचा प्रश्न आहे. सिम्युलेशन रिकाम्या कार्यालयात सुरू होतं, पहिल्या दाव्याला सगळी टेबलं मोकळी मिळतात. तुमच्याकडे फाइली रात्रभर टेबलावर राहतात, म्हणजे कार्यालय कधीच रिकामं नसतं. त्यामुळे सुरुवातीचा काळ वॉर्म-अप म्हणून टाकून द्यावा लागतो. किती, ते अंदाजाने ठरवू नका. प्रक्रियेत असलेल्या दाव्यांची संख्या दिवसागणिक आलेखावर काढा आणि ती सपाट होते तिथून मोजायला लागा. ती सपाट होतच नसेल तर कुठेतरी भार १०० टक्क्यांवर आहे. वॉर्म-अप वाढवून काही होणार नाही, परत कागदावरच्या गणिताकडे जा.

मग वेगवेगळ्या सीडने (फाशांची मालिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्याने) निदान १० रन. एका रनमधले १००० दावे म्हणजे १००० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका सोमवारची गर्दी पुढच्या पन्नास फाइलींना एकत्रच उशीर करते. समजा १० रनची सरासरी ६.१ दिवस आणि रनांमधलं प्रमाण विचलन ०.५ आलं. ९५ टक्के विश्वास-अंतर ६.१ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ०.३६ दिवसाचं होतं. ते निम्मं करायला साधारण चौपट रन लागतात. म्हणजे ‘तिसरा माणूस घेतल्यावर ०.२ दिवस वाचतात’ असं दोन वेगळ्या रनवरून सांगणं धाडसाचं आहे. दोन पर्यायांची तुलना करायची असेल तर दोन्हींना तेच सीड द्या, म्हणजे दोन्हीकडे आवकेचे फासे सारखेच पडतील. मग प्रत्येक जोडीतला फरक बघा.

मॉडेल खरं आहे की नाही हे तपासायला मी सर्वात आधी लिटलचा नियम वापरतो. तोही १९६१ चाच, जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला: प्रक्रियेत असलेले दावे म्हणजे आवकेचा दर गुणिले सरासरी कालावधी. रोज ६० आणि ६ दिवस, तर कुठल्याही क्षणी सुमारे ३६० दावे वाटेत असायला हवेत. आज प्रणालीत उघडे दावे मोजा. ३५० च्या आसपास असतील तर तुमचा ६ दिवसांचा आकडा विश्वासार्ह आहे. ६०० निघाले तर मॉडेल जुळवत बसू नका, तुमचे ‘प्रत्यक्षातले ६ दिवस’च चुकीचे आहेत. बहुधा कोणीतरी बंद झालेल्या दाव्यांचीच सरासरी काढली असेल आणि रेंगाळलेले वगळले असतील. नुसती सरासरीही जुळवू नका, किती टक्के दावे १० दिवसांच्या वर जातात तेही ताडून बघा. सरासरी जुळून शेपूट न जुळणं हे फार वेळा होतं.

तेव्हा आत्ता एवढं करा. ‘१ दिवस’, ‘२ दिवस’ हे सगळे आकडे काढा आणि त्या जागी शेजारी बसून मोजलेली मिनिटं लिहा. पुनर्तपासणी वेगळी करा, अर्जदाराची प्रतीक्षा टायमरमध्ये न्या, उपलब्धता ७ तासांवर आणा, मंजुरीला खरं कॅलेंडर द्या. मग चार पायऱ्या क्रमाने चढा. त्यानंतर ६ ऐवजी ४ दिवस आले तर राहिलेली प्रतीक्षा शोधायला रजा, महिनाअखेर आणि फाइली उचलण्याचा क्रम या तीन जागा आधी बघा. सॉफ्टवेअर पहिली आलेली फाइल पहिली घेतं, माणसं मात्र सोपी आधी उचलतात.